शुक्रवारची भिशी

सासूबाई नॉटिंगहॅमला आल्या त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी त्यांच्याशी खोटं बोलले. बोलायचं ठरवलं नव्हतं. शुक्रवार होता, बेल वाजली आणि आमची कर्जवाली बाई ओला रेनकोट झटकत नेहमीसारखी आत आली. माझ्याकडून पंधरा पाउंड घेतले, कार्डावर लिहिले, सही घेतली, खुर्चीत बसलेल्या माझ्या नवऱ्याला ‘‘ऑल राइट, मी डक?’’ म्हणाली आणि गेली. सासूबाई सोफ्यावरून हे सगळं बघत होत्या. दार लागताच त्यांनी विचारलं, ‘‘कोण गं ही? पैसे कसले दिलेस?’’

‘‘भिशी आहे, आई,’’ मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं ते गेलं. दहा-बारा बायकांनी ठरलेले पैसे दर महिन्याला जमवायचे आणि चिठ्ठी निघेल तिनं ती सगळी रक्कम न्यायची, ही भिशी माझ्या सासूबाईंनी पुण्यात तीस वर्षं चालवली होती. एकीचाही रुपया बुडू दिला नव्हता. म्हणजे मी चोराच्या नव्हे, थेट फौजदाराच्याच घरी चोरीचा माल लपवायला गेले होते.

खोटं बोलायला कारण होतं. माझा नवरा सॉफ्टवेअरमध्ये होता. ऑगस्टमध्ये एका सकाळी दात घासता घासता त्याच्या हातातून ब्रश पडला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एका झटक्यात गेलं. हॉस्पिटलनं जीव वाचवला, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण नोकरी कॉन्ट्रॅक्टवरची, ती तिसऱ्या आठवड्यात संपली. मी एका वेअरहाऊसमध्ये पॅकिंग करत होते, ते सोडून त्याच्याजवळ बसले. मूलबाळ आम्हाला नाही. आम्ही इथले नागरिक झालो होतो म्हणून बेनिफिट्सचा, म्हणजे सरकारी मदतीचा, हक्क होता. फॉर्म ऑनलाइन भरला, आणि पहिले पैसे हातात यायला पाच आठवडे लागतील असं कळलं. पाच आठवडे किती लांब असतात, हे ज्याच्या घरी पैसे टाकून चालणारा विजेचा मीटर आहे त्यालाच विचारावं. शिल्लक होती ती भाड्यात गेली, बेनिफिटवर ॲडव्हान्स मिळाला तोही भाड्यातच गेला. बँकेनं माझा कर्जाचा अर्ज दोन मिनिटांत नाकारला. मग शेजारणीनं मला त्या बाईचा फोन नंबर दिला.

ती दुसऱ्याच दिवशी घरी आली. साठीच्या आसपासची, गुडघा दुखरा, आमच्याच वसाहतीत तीन गल्ल्या सोडून राहणारी. तीनशे पाउंड मिळतील, आठवड्याला पंधरा, तेहेतीस आठवडे. ‘‘महाग आहे हं हे,’’ तिनं स्वतःच सांगितलं. ‘‘दुसरीकडे कुठं मिळत असेल तर तिकडून घ्या.’’ दुसरीकडे मिळत असतं तर मी तिला बोलावलंच नसतं, हे तिलाही माहीत होतं. तरण्या वयात, दोन पोरं पदरात असताना, तिनंही असंच दारावरचं कर्ज काढलं होतं म्हणे.

तुला तिचा राग कसा आला नाही, असं मला लोक आता विचारतात. त्या व्याजाचा राग येतो, अजूनही येतो. गरजवंताकडून तीनशेचे पाचशे घेणाऱ्याला मी सावकारच म्हणेन, मग त्याचं कार्ड कितीही गुळगुळीत छापलेलं असो. पण तिचा नाही आला. त्या दिवसांत आमच्या घराची पायरी चढणारी, हॉस्पिटलची माणसं सोडली तर, ती एकटीच होती. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी हात जोडलेले इमोजी पाठवले. हिनं दर शुक्रवारी दुखऱ्या गुडघ्यानं येऊन माझ्या नवऱ्याला नावानं हाक मारली आणि त्याच्या उत्तराची वाट पाहिली.

सासूबाईंपासून हे लपवायचं कारण एकच होतं. सासऱ्यांच्या मागं त्यांच्याजवळ तुटपुंजी पेन्शन आणि पुण्यातला वन-रूम-किचनचा फ्लॅट होता, आणि दुसरं काहीही नव्हतं. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी त्यांनी दागिने विकले होते. मुलगा सरकारी पैशांवर आणि दारावरच्या कर्जावर जगतोय असं कळलं असतं, तर फ्लॅट त्यांनी पंधरा दिवसांत विकला असता आणि सत्तराव्या वर्षी कुणा नातेवाइकाच्या घरात वळकटी टाकली असती. ते मी होऊ देणार नव्हते. म्हणून मी सांगितलं होतं, की कंपनी अर्धा पगार देतेय. त्या सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आल्या होत्या. सहा महिने हे झाकून ठेवायचं, एवढंच माझं काम होतं.

पण भिशी म्हटल्यावर सासूबाईंच्या अंगात वीज आली.

‘‘किती जणी आहात?’’

‘‘बारा.’’

‘‘लिलावाची की चिठ्ठीची?’’

‘‘चिठ्ठीची.’’

‘‘चिठ्ठी काढतं कोण?’’

‘‘तीच.’’

‘‘म्हणजे जिच्याकडे पैसे, तीच चिठ्ठी काढते? अगं, सगळ्यांच्या देखत काढायची असते चिठ्ठी! आणि ही दर आठवड्याला कशी?’’

‘‘इथं कितीतरी जणांचे पगार आठवड्याला होतात, आई,’’ मी म्हणाले. हे निदान खरं होतं.

नवरा खुर्चीतून माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं कळत होतं, फक्त शब्द येत नव्हते. ‘हो’ आणि ‘नको’ एवढे दोनच शिल्लक होते आणि तेही कधीकधी अदलाबदल होऊन यायचे. सासूबाईंनी त्याला विचारलं, ‘‘खरंच भिशी आहे का रे?’’ तो डाव्या ओठानं हसला आणि म्हणाला, ‘‘हो.’’ लग्नाला सोळा वर्षं झाली होती. माझ्या खोटेपणात तो इतक्या तत्परतेनं सामील झालेला मी प्रथमच बघत होते, आणि मला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

पुढच्या शुक्रवारपासून कर्जवाल्या बाईचं नशीब उघडलं. भिशीवालीला रिकाम्या तोंडी पाठवत नाहीत, हा सासूबाईंचा नियम. पोहे, थालीपीठ, एकदा चक्क अळूवडी. लंडनजवळच्या स्लाऊहून कुणाबरोबर तरी आलेली पानं होती. ती सगळं खायची. एकीला मराठीशिवाय येत नव्हतं, दुसरीला इंग्रजीशिवाय, पण गुडघ्याचं दुखणं दोघींना सारखंच असल्यामुळे त्यांचं बोलणं बरं चालायचं. ‘‘मला बदक का म्हणते गं ही?’’ सासूबाईंनी एकदा विचारलं. इकडे लाडानं ‘मी डक’, माझं बदक, म्हणतात असं सांगितल्यावर त्या खूश झाल्या.

डिसेंबरात अडचण आली. बाई यायची चार वाजता. आणि डिसेंबरात इथं पावणेचारलाच दिवे लागतात. सासूबाई देवापाशी निरांजन लावायच्या, नवऱ्याच्या शेजारी बसायच्या आणि त्याच्याकडून ‘शुभं करोति’ म्हणून घ्यायच्या. आणि तो म्हणायचा! ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं तो माणूस लहानपणी पाठ झालेलं ते सगळं, एकही शब्द न चुकता म्हणायचा. मग बेचा पाढा, तिनाचा पाढा. असं होतं, जुनं पाठांतर मेंदूत वेगळ्या जागी असतं, असं थेरपिस्टनं सांगितलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी किचनमध्ये नळ सोडून रडून घेतलं होतं. त्या घरातली ती दहा मिनिटं कुणी मोडलेली मला चालली नसती.

तर नेमकी त्या दहा मिनिटांत बेल वाजली. मी पैसे घेऊन दाराशी गेले आणि सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या.

‘‘दिवा लागलाय. तिन्हीसांजेला घरातून पैसे बाहेर द्यायचे नाहीत. त्यातून शुक्रवार. लक्ष्मी जाते.’’

लक्ष्मी आमच्याकडे होती कुठं जायला! पण हे बोलायची सोय नव्हती. मी कर्जवालीला पायरीवर उभं करून समजावलं, की आमच्यात दिवेलागणीनंतर पैसे देत नाहीत. मला वाटलं आता हप्ता चुकला, ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, ‘‘माझी आजी टेबलावर नवे बूट ठेवू द्यायची नाही. असतं असं.’’ आणि त्या आठवड्याचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन, पुढच्या शुक्रवारपासून ती दुपारी एकला यायला लागली.

दुपारी एकला मी घरी नसायचे. सासूबाई नवऱ्यापाशी होत्या म्हणून मी एका प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये दहा ते दोन काम धरलं होतं. चार पैसे मिळायचे, त्यातले बरेचसे बेनिफिटमधून कापले जायचे, पण घराबाहेर पडून दोनशे पोरांना बटाटे वाढताना मला माणसात आल्यासारखं वाटायचं. जाताना मी पाकीट फ्रिजवर ठेवायची आणि सासूबाई ते बाईला द्यायच्या. कार्डावर सहीसुद्धा त्याच करायच्या, मोडीसारखी काहीतरी वळणदार. नाताळच्या सुटीतही तो मान त्यांनी सोडला नाही. ते कार्ड बाईकडेच असायचं. मी महिनोन्‌महिने ते बघितलं नाही.

जानेवारीत सासूबाईंनी जाब विचारायला सुरुवात केली. तीन महिने झाले, नंबर कुणाकुणाला लागला? त्या बाकीच्या अकरा जणी कधी दिसत कशा नाहीत? पुण्याला असं एकदा झालं होतं, एक बाई सगळ्यांची भिशी घेऊन सुरतेला पळाली होती. ‘‘ही तुला फसवते आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गरीब बघून फसवते आहे. शुक्रवारी मीच बोलते तिच्याशी.’’

आता काय करावं? त्या बिचारीनं आमच्या पोह्यांखेरीज काही लुबाडलं नव्हतं. मी दोन रात्री विचार केला आणि मग मी आयुष्यातला सर्वांत मूर्ख व्यवहार केला. तिला फोन करून आणखी दोनशे पाउंड मागितले. हप्ता पंचवीसवर गेला. त्यातले एकशे ऐंशी, म्हणजे बारा जणींचे पंधरा-पंधरा, सासूबाईंच्या हातावर ठेवून मी म्हणाले, ‘‘आई, माझा नंबर लागला. पुढची फेरी पंचवीसची आहे.’’

म्हणजे ज्या बाईच्या कंपनीला मी तीनशेचे पाचशे देत होते, तिची अब्रू वाचवायला मी आणखी कर्ज काढलं. हे मी आजवर इथल्या कुठल्याही माणसाला समजावून सांगू शकलेले नाही. आपल्याकडच्या बायकांना लगेच कळतं.

सासूबाईंनी पैसे देवापुढं ठेवले, हळदीकुंकू वाहिलं, केळं घालून शिरा केला. त्या पैशांतून आम्ही नवऱ्यासाठी बटण दाबलं की वर उचलणारी सेकंडहँड खुर्ची घेतली. शुक्रवारी बाईला शिऱ्याचा मोठा वाडगा मिळाला, आणि संध्याकाळी मला निकाल ऐकायला मिळाला: ‘‘बाई सचोटीची आहे. मी उगाच बोलले.’’

त्यानंतर दोन-अडीच महिने बरे गेले. नवऱ्याच्या शब्दांत ‘चहा’ आणि ‘आई’ आले, माझं नाव मात्र यायचं नाव घेईना. सासूबाई म्हणायच्या, त्याला बोलणं शिकवणारी बाई पंधरा दिवसांतून एकदा येते, तेवढ्यानं काय होणार, रोज यायला हवी. रोजची हवी तर खाजगी लावावी लागते, मी सांगितलं. त्यावर त्यांनी ती किती घेते ते विचारून घेतलं.

ईस्टरची सुटी लागली म्हणून त्या शुक्रवारी मी घरी होते. एकच्या ठोक्याला बाई आली, चहा घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘कमाल केलीत तुम्ही. अशाच भरत राहिलात तर चार आठवड्यांत मोकळ्या.’’

माझ्या हिशेबानं बारा-तेरा आठवडे होते. मी कार्ड मागितलं. डिसेंबरपासून प्रत्येक शुक्रवारी दहा पाउंड जास्त भरलेले. सतरा शुक्रवार, सतरा वळणदार सह्या.

‘‘हे जास्तीचे कुणी दिले?’’ मी विचारलं.

‘‘तुमच्या मदरनं. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय.’’

तेवढ्यात सासूबाई किचनमधून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. ‘‘आता कळलंच आहे तर विचार तिला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी माझ्या नावानं वेगळी भिशी लावली आहे. माझा नंबर कधी आहे? मला मेच्या आधी हवा, मी जायच्या आधी. त्या बोलणं शिकवणाऱ्या बाईला रोजचं ठरवून जायचंय मला.’’

मी बाईला निरोप दिला. तिला काहीतरी बिनसलंय हे कळलं असावं. जाताना तिनं माझ्या दंडाला हात लावला. दार लावून मी परत आले, सासूबाईंसमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पगार नाही. बेनिफिट्सवर आहोत. भिशी नाही, कर्ज आहे. चिठ्ठी नाही, बारा जणी नाहीत, नंबर लागला नव्हता. तुमचे एकशे सत्तर पाउंड माझ्या कर्जात गेले.

त्या बोटांचं पीठ सोडवू लागल्या.

‘‘त्या बाईला माहीत होतं, मी भिशी समजून देतेय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तिचा दोष नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुझा आहे. तीस वर्षं भिशी चालवली मी, आणि तू मला खोट्या भिशीत बसवलंस.’’

‘‘चुकलं माझं. पण आई, मला एक शब्द द्या. काय वाटेल ते बोला मला, पण फ्लॅट विकणार नाही असा शब्द द्या. तो वाचवायलाच केलं मी हे सगळं.’’

सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं आता रागवणार. त्या म्हणाल्या, ‘‘फ्लॅट विकता यायचा नाही मला. तो पतपेढीत तारण आहे.’’

‘‘कशासाठी?’’ मी विचारलं.

‘‘इकडे यायला व्हिसा हवा, तर बँकेत पैसे दाखवा म्हणाले. माझ्या बँकेत काय होतं, पेन्शन येते आणि जाते. मग तिकीट, इन्शुरन्स. आणि आजारी लेकाच्या दारात काय रिकाम्या हातानं येऊ? अडीच लाख काढले गणपती झाल्यावर.’’ आणि मग थोडं चिडूनच, ‘‘तू येऊ नका म्हणत होतीस फोनवर. न येऊन कसं चालेल?’’

म्हणजे मी भिशीचं खोटं बोलले त्याच्या आधीच ते सगळं होऊन गेलं होतं. जे वाचवायला मी वर आणखी कर्ज काढलं, सहा महिने रोज जिभेला गाठ मारून जगले, ते वाचवायला तिथं उरलंच नव्हतं. आणि फ्रिजवरच्या पाकिटात त्या दर शुक्रवारी जी दहाची नोट सरकवत होत्या ती कर्जाचीच होती. पुण्याच्या कर्जातून नॉटिंगहॅमचं कर्ज फिटत होतं. मी हसायला लागले आणि ते हसणं मध्येच कुठंतरी रडणं झालं. नवराही रडत होता. स्ट्रोकनंतर त्याचे डोळे लवकर भरतात, पण हे तसलं रडणं नव्हतं. त्यालाही फ्लॅटचं माहीत नव्हतं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, त्यानं दोनतीनदा तोंड उघडलं, आणि शेवटी ‘‘आई’’ एवढंच म्हणून डाव्या हातानं स्वतःच्या मांडीवर जोरात मारलं.

‘‘मारतोस काय? हात मोडेल, तोच एक धड आहे,’’ सासूबाई त्याला म्हणाल्या. त्याचे डोळे पदरानं पुसले. मग माझ्याकडे वळल्या. ‘‘माझं व्याज तेरा टक्के. तुझं किती?’’

‘‘चारशेच्या वर.’’

‘‘नीट सांग.’’

‘‘वर्षाला चारशे टक्क्यांच्या वर, आई. करारावर छापलेलं आहे.’’

मी चुकून बोलले असंच त्यांना वाटलं. करार आणायला लावला, चष्मा लावला, मी बोट ठेवलं तिथं आकडा स्वतः वाचला. परत एकदा वाचला. भिशीच्या वहीत तीस वर्षं एका रुपयाची चूक न होऊ दिलेल्या बाईचा चेहरा त्या आकड्यासमोर एकदम म्हातारा झाला, आणि तेव्हा मला माझी खरी लाज वाटली. मला वाटलं होतं त्या मला ओरडतील. त्या उठून आत गेल्या आणि त्यांच्या प्रवासाच्या पर्समधली रुमालाची पुरचुंडी घेऊन आल्या. दीडशे पाउंड होते. परतीच्या वाटेत अडलंनडलं तर लागतील म्हणून ठेवलेले.

‘‘किती राहिलेत तुझे?’’

‘‘एकशे पस्तीस. पण आई, नको. माझं तुमच्या आधी कशाला? ते तुमचे आहेत.’’

‘‘माझे कुठं? पतपेढीचे आहेत,’’ त्या म्हणाल्या आणि पुरचुंडी माझ्या मुठीत कोंबली. ‘‘तुझं जास्त दुखतंय. तुझं आधी.’’

मी ते घेतले.